तीन संत्र्यांएवढा रेटा

परवाच्या रविवारी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका सभागृहात वादचर्चा होती. विषय असा की, लेझरने प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन सुटलेला धगधगता वायू) पेटवून यान ढकलण्याच्या संशोधनावर सरकारने पैसा घालावा की नाही. बाहेर ४५ अंश, आत तीन कूलर आणि त्यांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलणारे दोन वक्ते. पहिला नुकताच इंजिनिअर झालेला मुलगा. त्याने पडद्यावर मंगळ दाखवला आणि ‘४५ दिवसांत’ हे शब्द इतक्यांदा उच्चारले की माझ्या शेजारच्या गृहस्थांनी रेल्वेचं वेळापत्रक उघडावं तसा मोबाइल उघडला. दुसऱ्या वक्त्या चाळीस वर्षं विदर्भातल्या खेड्यांत काम केलेल्या बाई. त्यांनी कापसाचा भाव काढला, आत्महत्या काढल्या, २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून लोकांच्या घरांत शिरलेलं पाणी काढलं आणि विचारलं, ‘ज्यांना नाल्याची भिंत धड बांधता येत नाही ते मंगळावर जाऊन काय करणार?’ टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मग प्रश्नोत्तरांत एका आजोबांनी आपल्या पूर्वजांकडे पाऱ्यावर चालणारी विमानं होतीच असं सांगितलं, त्यांनाही पडल्या. (बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी ती वर्णनं १९७४ सालीच तपासली आणि अशी यंत्रं उडणार नाहीत असा निर्वाळा दिला होता. पण तोवर तर्रीपोह्यांची वेळ झाली होती.) दीड तासात ‘वॅट’ हा शब्द कुणाच्याही तोंडून आला नाही. ‘न्यूटन’ आला, तो सफरचंदासकट.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या संशोधनावर पैसा घालावा. मंगळासाठी नाही, जमिनीवरून लेझर मारून अग्निबाण उडवण्यासाठी तर मुळीच नाही. लहान, कंटाळवाण्या, मोजता येणाऱ्या कामांसाठी थोडा पण न तुटणारा पैसा घालावा. आणि तो घालताना पुढ्यात बसलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: दर वॅटमागे रेटा किती? हा प्रश्न न विचारता बाजू घेणारा माणूस मंगळवाला असो वा नालावाला, तो या विषयावर बोलतच नाहीये.

मी औष्णिक वीज केंद्रात ३१ वर्षं काढली, त्यामुळे मला जगातली प्रत्येक गोष्ट बॉयलर आणि टर्बाइन यांच्यात विभागलेली दिसते, हा माझा दोष मान्य आहे. पण या विषयाला तो दोष उपयोगी पडतो. नेहमीचा अग्निबाण म्हणजे स्वतःचा कोळसा, स्वतःची हवा आणि स्वतःचा बॉयलर डोक्यावर घेऊन पळणारं वीज केंद्र. १४ जुलै २०२३ला चांद्रयान-३ घेऊन निघालेला आपला अग्निबाण सुमारे ६४० टनांचा होता. त्यावरचं यान ३.९ टनांचं. बाकीचं बहुतेक सगळं इंधनच, आणि त्यातलं बरंचसं इंधन उरलेल्या इंधनालाच उचलण्यात जळतं. लेझरवाल्यांची मूळ कल्पना एवढीच आहे की बॉयलर जमिनीवर ठेवा आणि ऊर्जा तेवढी वर पाठवा. १९७२ साली आर्थर कँट्रोविट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती नीट मांडली. लेझरचा तीव्र झोत भिंगाने किंवा आरशाने एका बिंदूवर आणला की तिथल्या हवेचे, द्रवाचे किंवा धातूचे इलेक्ट्रॉन सुटू लागतात. सुटलेले इलेक्ट्रॉन आणखी प्रकाश गिळतात, आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात, आणि क्षणार्धात तिथे हजारो अंशांचा प्लाझ्मा तयार होतो. एकदा प्लाझ्मा झाला की मघापर्यंत पारदर्शक असलेली हवा झोताला भिंतीसारखी अडवते आणि येणारी ऊर्जा गट्ट करून फुगते. त्या फुगण्याचा धक्का यानाला पुढे लोटतो. असे धक्के सेकंदाला अनेक वेळा दिले की इंजिन झालं. ठिणगी पडते, स्फोट होतो. जुन्या स्कूटरच्या स्पार्क प्लगसारखंच, फक्त इथे ठिणगीच इंधनाचंही काम करते.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहा. सभागृहात त्या मुलाने एका दमात चार वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि समोरच्या बाईंनी त्या चारही एकाच नकारात झाडून टाकल्या. प्रकाशाच्या नुसत्या दाबावर चालणारं शीड ही एक गोष्ट. त्यात प्लाझ्मा नसतोच, उलट शीड पेटलं तर मोहीम संपली. २०१६ साली गाजावाजा करून जाहीर झालेली शेजारच्या ताऱ्याकडे नखाएवढी यानं पाठवायची योजना या जातीची होती. यानावरच्या इंधनाला लेझरने तापवणं ही दुसरी. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने २०२२ साली मांडलेला ४५ दिवसांत मंगळाचा आराखडा तो हाच: १०० मेगावॅटचा लेझर, हायड्रोजन, आणि मंगळावर पोचल्यावर ब्रेक लावायला तिथे कुठलाच लेझर नाही ही अडचण, जी पडद्यावर दिसली नाही. तिसरी गोष्ट म्हणजे लेझरने अणुसंमीलन (हलक्या अणूंची केंद्रकं जुळवून ऊर्जा काढणं) पेटवून त्यावर यान चालवणं. त्यासाठी हमखास दाखला दिला जातो तो अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या प्रयोगाचा. ५ डिसेंबर २०२२ला तिथे १९२ झोतांनी इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. थोर कामगिरी, यात शंका नाही. पण ते लेझर चालवायला तारेतून सुमारे ३०० मेगाज्यूल वीज घेतली होती. आमच्या भाषेत सांगायचं तर मीटरवर ८३ युनिट पडले आणि हातात एकही पुरतं युनिट आलं नाही. त्या ८३ युनिटांत एखाद्या लहान घराचा महिना निघतो. जे मिळालं त्यावर आपला घरगुती कूलर चार-साडेचार तास चालेल. यावर यान चालवायचं म्हणजे अजून किती पिढ्यांचं काम आहे हे ज्याचं त्याने ठरवावं. चौथी गोष्ट सगळ्यात गरीब आणि सगळ्यात जवळची: लेझरने एखाद्या पृष्ठभागाचा पातळ थर उडवून प्लाझ्मा करायचा आणि त्याच्या धक्क्याने लहानशी वस्तू हलवायची. माझं म्हणणं या चौथ्या गोष्टीबद्दल आहे.

पण आधी हिशेब. प्रकाशाला स्वतःचा दाब असतो, पण तो फारच किरकोळ. नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यातल्या एका संचाची सगळीच्या सगळी वीज, एक वॅटही वाया न घालवता, प्रकाश करून आरशावर टाकली तर आरशावर रेटा येईल साडेचार न्यूटनांच्या आत. म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचं वजन. कॉटन मार्केटमधली मध्यम आकाराची तीन संत्री. सहाशे साठ मेगावॅट, आणि तीन संत्री! आता तोच प्रकाश आरशावरून परतू न देता एखाद्या पदार्थात जिरवला, त्याचा प्लाझ्मा केला आणि तो सेकंदाला १० किलोमीटर वेगाने मागे फेकला, तर कागदावर रेटा येतो एक लाख ३२ हजार न्यूटन. तेरा टनांच्या वर. निम्मी ऊर्जा उष्णतेत आणि इकडेतिकडे गेली असं धरलं तरी साडेसहा टन. प्लाझ्मा कशाला पेटवायचा याचं उत्तर या एका तुलनेत आहे. प्रकाश ही ऊर्जा भरपूर आणते, पण धक्का द्यायला त्याच्याकडे वजन नसतं. प्लाझ्मा त्याला वजन उसनं देतो. याची किंमत ही की ते वजन बरोबर न्यावं लागतं, किंवा वाटेत सापडणारी हवा वापरावी लागते, आणि हवा वर गेल्यावर संपते.

हाच हिशेब उलटाही वापरता येतो, आणि तो वापरणं फार गरजेचं आहे. २०२४ साली चीनमधल्या हार्बिनच्या अभियांत्रिकी विद्यापीठातल्या संशोधकांच्या नावाने एक बातमी जगभर फिरली. पाणबुडीच्या अंगावर केसाहून बारीक प्रकाशतंतू लावायचे, त्यांतून दोन मेगावॅट लेझर सोडून पाण्यात प्लाझ्मा पेटवायचा, आणि ७० हजार न्यूटन रेटा मिळवायचा, तोही आवाज न करता. आपल्याकडे या बातमीवर दोनच प्रतिक्रिया उमटल्या: ‘चीन पुढे गेला’ आणि ‘चीन खोटं बोलतो’. कुणी पाटी-पेन्सिल घेतली का? दोन मेगावॅटमधून ७० हजार न्यूटन काढायचे तर, एक थेंबभरही ऊर्जा वाया न घालवता, पाणी फार तर सेकंदाला ५७ मीटर वेगाने मागे फेकता येईल, आणि ते सेकंदाला सव्वा टनाच्या आसपास फेकावं लागेल. दहा टक्केच ऊर्जा कामी आली असं धरलं तर वेग सहा मीटरच्या खाली येतो आणि पाणी बारा टन लागतं, दर सेकंदाला. भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम याने मोडत नाही. म्हणून ‘थाप’ म्हणून उडवून लावणं चूक. पण केसाएवढ्या तंतूच्या टोकाशी हजारो अंशांचा बुडबुडा पेटवून त्याच्याकडून बारा टन थंड पाणी हळुवारपणे हलवून घेणं म्हणजे सुईने विहीर उपसणं आहे. आणि आवाज न करता? पाण्यात प्लाझ्मा पेटतो तेव्हा तो कडाडतो. एवढं समजायला गुप्तहेर लागत नाहीत, अकरावीचं गणित पुरतं.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. ते कापसाचं नाही. ते असं आहे की १९७२पासून अर्धशतक उलटलं आणि या विद्येने दाखवलं काय? २ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकेत व्हाइट सँड्सच्या वाळवंटात लीक मायराबो यांचं एक छोटं यान १० किलोवॅटच्या लेझरवर उडालं. व्यास १२ सेंटिमीटर, वजन पन्नासेक ग्रॅम, उंची गाठली ७१ मीटर, हवेत राहिलं पावणेतेरा सेकंद. दिवाळीतला रॉकेट याहून फार मागे नाही. पन्नास ग्रॅमला १० किलोवॅट, म्हणजे किलोला २०० किलोवॅट, आणि हे नुसतं हवेत तरंगत वर जायला. टनभर वजन कक्षेत न्यायचं तर किती लेझर लागतील, ढगाळ श्रावणात ते काय करतील, आणि एक मायक्रॉन तरंगलांबीचा झोत १० मीटर व्यासाच्या आरशातून सोडला तरी चंद्रापर्यंत जाताना ९० मीटरहून जास्त पसरतो त्याचं काय, या प्रश्नांना आज समाधानकारक उत्तर नाही. मी हे पूर्ण मान्य करतो. म्हणूनच सुरुवातीला ‘अग्निबाण उडवण्यासाठी मुळीच नाही’ असं म्हटलं.

पण पन्नास वर्षांत यान ७१ मीटरच चढलं यावरून विद्या वांझ ठरते का? चंद्रशेखर व्यंकट रामन तरुणपणी हिशेब खात्यात अधिकारी होते आणि काही काळ त्यांची नेमणूक आपल्या नागपुरात होती. इथलं विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं आहे. १९२८ साली त्यांनी प्रकाशाच्या विखुरण्याचा जो परिणाम शोधला तो इतका क्षीण होता की पाऱ्याच्या दिव्याखाली त्याचं छायाचित्र घ्यायला तासन्तास लागायचे. नोबेल मिळालं तरी बाजारात त्याला तेव्हा फारसं कुणी विचारलं नसतं. १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला आणि रामन परिणामाला त्याचा दिवा मिळाला. आज औषध कारखान्यात पावडर तपासायला तो वापरतात. शोध आणि त्याला लागणारा दिवा यांच्यात बत्तीस वर्षांचं अंतर होतं. तोवर रामन परिणाम ‘निरुपयोगी’ होता का? लेझर-प्लाझ्माचंही नेमकं हेच अडलेलं आहे, दिव्यापाशी. आणि दिवा स्वस्त होतोय. तो अवकाशवाल्यांमुळे नाही, पत्रा कापणाऱ्यांमुळे. हिंगण्याच्या एमआयडीसीत जा. साध्या शेडमध्ये काही किलोवॅटचा फायबर लेझर स्टीलचा पत्रा लोण्यासारखा कापताना दिसेल, आणि तो चालवणारा मुलगा आयटीआय झालेला असेल. दुसऱ्या टोकाला, १३ एप्रिल २०२५ला आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने कर्नूलजवळ ३० किलोवॅटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवला. मायराबोच्या हिशेबाने तेवढ्यात एक संत्रं हवेत उडेल. (लेझरची जात वेगळी आहे, धक्क्यांचा नसून सलग झोत आहे, तेव्हा हे शब्दशः घेऊ नका. पण मापाचा अंदाज येतो.) दिवा घरात आलेला आहे. त्याने काय काय करता येतं हे मोजायला माणसं नाहीत, एवढीच गोष्ट आहे.

दिवा आहे तर माणसं बाहेरून आणू, असं म्हणणाऱ्यांनी क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाची आठवण ठेवावी. रशियाकडून तंत्रज्ञान विकत घ्यायचा करार झाला होता, अमेरिकेने १९९२ साली निर्बंध घातले, तंत्रज्ञान देणं बारगळलं. त्यानंतर स्वतःचं इंजिन घेऊन यशस्वी उड्डाण व्हायला ५ जानेवारी २०१४ उजाडला. मधल्या एप्रिल २०१०च्या फसलेल्या उड्डाणात जो उपग्रह समुद्रात गेला, त्या जीसॅट-४वर प्लाझ्माचे छोटे थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाला ढकलणारी इंजिनं, होते. विजेवर चालणारे, लेझरवर नव्हे; पण प्लाझ्मा तो प्लाझ्माच. पुढे २०१७ साली जीसॅट-९वर विद्युत प्रणोदन, म्हणजे विजेने यान ढकलण्याची सोय, प्रत्यक्ष कक्षेत गेलं. सात वर्षं तो विषय जिवंत ठेवणारी माणसं होती म्हणून गेलं. माणसं गोदामात ठेवून लागतील तेव्हा काढता येत नाहीत.

बाईंच्या प्रश्नाकडे येतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे, आणि त्यांनी सांगितलेलं एकही दुःख खोटं नाही. पण युक्तिवाद कच्चा आहे. अवकाश विभागाला वर्षाला सुमारे १३ हजार कोटी मिळतात. मी ज्या कामाविषयी बोलतोय ते त्या रकमेच्या दशांश चिन्हानंतर बरंच पुढे येईल. तेवढे पैसे वाचवले म्हणून नाल्याची भिंत उभी राहील, हे कुठल्या महापालिकेत झालंय? उड्डाणपुलांवर उड्डाणपूल चढलेल्या या शहराने तरी पैसा नाही म्हणून नाला राहिला असं म्हणू नये. संशोधनावर आपण एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. कापसाला भाव न मिळण्याचं कारण या ०.६४मध्ये दडलंय असं मानायचं असेल तर मग त्यातून कपाशीच्या वाणांचं संशोधनही कापावं लागेल. आणि कापूस विरुद्ध रॉकेट ही जोडी निदान नागपूरकराने तरी लावू नये. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस जवळ होता म्हणून. पुढच्या दशकात त्यांनी तिथे रिंग स्पिंडल बसवून पाहिले, जेव्हा लँकेशायरचे यंत्रवाले त्या नव्या चातीकडे संशयाने पाहत होते. कापसाच्या गावात नव्या यंत्राचा प्रयोग इंग्लंडच्या आधी धीटपणे झाला! टाटांच्या संपत्तीत त्या गिरणीचा मोठा वाटा होता, आणि त्याच संपत्तीच्या देणगीतून १९०९ साली बंगळूरची विज्ञान संस्था उभी राहिली, जिथे पुढे रामन संचालक झाले आणि जिथून सतीश धवन इस्रोत गेले. धागा सरळ आहे: वऱ्हाडातला कापूस, नागपूरची गिरणी, बंगळूरची संस्था, श्रीहरिकोटा. तुटलाय तो अलीकडच्या टोकाला. गिरणीच्या जागी आज मॉल आहे, त्याच नावाचा. बाईंनी विचारायला हवं होतं ते हे की बंगळूरपर्यंत गेलेलं ते ज्ञान परत इकडे का आलं नाही? त्या प्रश्नावर मीही त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

मग लहान काम म्हणजे नेमकं कोणतं? २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. आकाशातून पेटते तुकडे ओळीने गेले; आम्ही गच्चीवर होतो, कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. चिनी अग्निबाणाचा टप्पा असावा असा तज्ज्ञांचा अंदाज. सुदैवाने कुणाला लागलं नाही. त्या कड्याला लेझरने हलवता आलं असतं असं मी म्हणत नाही. टनावारी वजनाच्या टप्प्याला ते शक्य नाही. पण त्याच कक्षांमध्ये एक सेंटिमीटरहून मोठे दहा लाखांहून अधिक तुकडे फिरताहेत असा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे, आणि त्यातला बोराएवढा तुकडाही उपग्रह फोडू शकतो. त्यांना पकडायला जाळं नाही, हात नाही. लेझरचा धक्का देऊन त्यांच्या पृष्ठभागाचा कणभर प्लाझ्मा उडवला आणि वेग थोडा कमी केला, की वातावरण उरलेलं काम करतं. नुसत्या प्रकाशदाबाच्या हजारो पटींनी जास्त रेटा इथे मिळतो, आणि तुकडा हलका असल्याने तो पुरतो. इंधनही न्यायला नको, कचराच स्वतःचं इंधन. जपानमधल्या एका उपग्रह कंपनीने संशोधन संस्थांना सोबत घेऊन २०२० साली याच कामाची योजना जाहीर केली. आपण काय केलं? २७ मार्च २०१९ला आपलाच उपग्रह फोडून त्या ढिगाऱ्यात शेकडो तुकड्यांची भर घातली. कक्षा खालची होती, तुकडे हळूहळू जळून गेले, हे खरं. पण ज्याने रस्त्यावर काच सांडली त्याने झाडू कसा असतो हे निदान पाहून ठेवावं की नाही?

यातून जो आक्षेप निघतो तो मला खरोखर अस्वस्थ करतो, आणि सभागृहात तो कुणीच घेतला नाही. जो लेझर कचऱ्याला ढकलू शकतो तो दुसऱ्याच्या उपग्रहाला आंधळंही करू शकतो. ही कल्पनाविलासाची गोष्ट नाही; १९८०च्या दशकात अमेरिकेत लेझर प्रणोदनाला पैसा मिळाला तो ‘स्टार वॉर्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संरक्षण कार्यक्रमातून. झाडू आणि लाठी एकाच काठीची. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर आहे: लाठी तर बनतेच आहे, कर्नूलला पाहिलीच, त्यामुळे झाडू न बनवल्याने ती थांबणार नाही, उलट हे सगळं ज्ञान फक्त कुंपणाआड राहील. विद्यापीठात, उघड्यावर, निकाल छापून काम झालं तर निदान बाकीच्यांना कळेल की काय शक्य आहे आणि काय नाही. आणि आकाशात झोत सोडण्याआधी त्या वाटेत कुणाचा उपग्रह येत नाही ना हे तपासण्याची सक्ती पहिल्या दिवसापासून हवी. अमेरिकेत सैन्याच्या लेझरांसाठी तशी व्यवस्था आहे. आपल्याकडे नागरी कामासाठीही ती असावी. तरीही उरलेलं अर्धं उत्तर उरतंच, हे लपवत नाही.

पैसा कुठे जावा, हे शेवटचं. जुलै २०२५मध्ये केंद्राने संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली, पण तिचा रोख खासगी उद्योग आणि बऱ्यापैकी तयार झालेल्या तंत्रज्ञानावर आहे. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते त्याच्या कितीतरी आधीचं. इंदूरला लेझरचं मोठं केंद्र आहे, गांधीनगरला प्लाझ्माची संस्था आहे. नागपूर त्या दोघांपासून रातोरात गाठता येण्याजोगं. इथल्या दोन-तीन महाविद्यालयांत एकेक स्पंद-लेझर (सलग नव्हे, धक्क्याधक्क्याने झोत सोडणारा), काचेच्या हंडीत टांगलेला एक हलका लंबक आणि पाच वर्षं न बदलणारी दोन माणसं. वेगवेगळे धातू, रंग, राख, प्लास्टिक यांच्यावर लेझर मारायचा आणि लंबक किती हलला ते मोजायचं. दर ज्यूलमागे किती धक्का, एवढाच आकडा. तो आकडा अजून अनेक पदार्थांसाठी, वेगवेगळ्या पृष्ठभागांसाठी नीट हवा आहे आणि तो काढायला रॉकेट लागत नाही. फसलेले आकडेही छापायचे. कुणी याला अवकाश संशोधन म्हणणार नाही, उद्घाटनाला मंत्री येणार नाही.

पोहे खाताना मी हे त्या मुलाला सांगितलं. शेजारी आमच्या बॉयलर सेक्शनमधला जुना सहकारी होता, तो म्हणाला, ‘भाऊ, सारं खरं हाय, पन इजेचं बिल कोन भरन?’ त्या एका वाक्याने दीड तासाची चर्चा जागेवर आणली असं मला वाटलं. मुलगा मात्र जरा खट्टू झाला. मंगळावरून लंबकावर आणलं म्हणजे बढती नव्हे. पण चार दिवसांनी त्याचा निरोप आला. महाविद्यालयातल्या सरांची परवानगी काढून त्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा तुकडा दोऱ्याने टांगला होता आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या लेझरचे स्पंद त्यावर मारले होते. ‘काका, लंबक हलला,’ त्याने लिहिलं होतं. खाली, मिनिटभराने आलेलं दुसरं वाक्य: ‘पण हंडी लावायची राहिली आणि कूलर चालू होता. उद्या बंद करून पाहतो.’